होगाडे जॉबरचं अपुरं उड्डाण

इचलकरंजीच्या चांदणी चौकातल्या ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्रात रोज संध्याकाळी पावणेसहाला चहा येतो आणि त्याच मिनिटाला ब्रह्मदेशाच्या आकाशात पाच लढाऊ विमानं वाऱ्यावर सोडली जातात.

विमानं दुसऱ्या महायुद्धातली, पंख्याची. चालवणारे सत्तरीच्या आसपासचे. केंद्राच्या मागच्या खोलीत शेजारी शेजारी पाच उड्डाणपेट्या आहेत. पूर्वी गल्लोगल्ली टेलिफोनचे बूथ असायचे, त्यांतला एखादा आडवा पाडावा तशा दिसतात. आत खुर्ची, उजव्या हाताला विमानाचा दांडा, डाव्या हाताला वेगाची मूठ, पायांत दोन पट्ट्या आणि डोळ्यांवर चढवायचा चष्मा. चष्मा चढवला की भिंती, पंखे आणि 'शांतता राखा' ही पाटी नाहीशी होते, खाली हिरवंगार जंगल पसरतं आणि समोरून जपानी येतो.

म्हाताऱ्यांचा मेंदू तरतरीत राहावा म्हणून एका योजनेतून या पेट्या आल्या होत्या. योजनेत दोन पर्याय होते, पक्षीनिरीक्षण आणि हवाई युद्ध. केंद्राच्या समितीने एकमताने युद्ध निवडलं. या वयात पक्षी बघून करायचं काय, असा अध्यक्षांचा सवाल होता.

यंत्राची खुबी अशी की ते तुमचा हात शिकायचं. वळायच्या आधी तुम्ही किती कचरता, शत्रू शेपटीला लागला की श्वास धरता की शिवी देता, आजूबाजूला कसला आवाज झाला की दचकता, हे सगळं टिपून ते तुमचा एक 'ठसा' तयार करायचं. ठसा म्हणजे तुमच्यासारखंच, पण तुमच्याशिवाय उडणारं विमान. सोय मोठी होती. चहा आला की विमान हवेत सोडून उठायचं. ठसा ते सांभाळायचा. दुसऱ्या दिवशी येऊन बसलं की ते तिथेच, तुमच्याच ढंगाने घिरट्या घालत असायचं. गरम चहा सोडून विमान उतरवत बसण्याचा वेडेपणा सहा वर्षांत कुणी केला नव्हता.

एकटा मुकुंद होगाडे चहाला लगेच उठायचा नाही.

मुकुंद यंत्रमागाचा जॉबर होता, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करून चालू करून देणारा माणूस. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे त्याला ऐकू कमी यायचं. हाक मारून उपयोग नसायचा. म्हणून त्याची बायको रत्नमाला, जी सहाच्या भजनासाठी पावणेसहालाच केंद्रात हजर व्हायची, ती हातातल्या टाळाने त्याच्या पेटीवर तीन ठोके द्यायची. ठण, ठण, ठण. "चला, उठा. लढाई उद्या." मग मुकुंद चष्मा काढायचा आणि आपण नक्की कुठल्या देशात आहोत हे आठवेपर्यंत तसाच बसून राहायचा.

लढवय्या म्हणून तो अगदीच सुमार. त्याचं कारण मागातलं होतं. ऐन विशीत त्याने एकदा न सांगता माग चालू केला आणि पलीकडच्या बाजूला धागा जोडत असलेल्या कामगाराची दोन बोटं गेली. तेव्हापासून मागाच्या मुठीला हात घालण्याआधी तो तिच्यावर बोटांनी दोनदा टक-टक करायचा. म्हणजे, हात काढा, चालू करतोय. पलीकडच्याने मागाच्या सांगाड्यावर उलट टक-टक करायची. म्हणजे, काढला. ते उत्तर आल्याशिवाय मुकुंद माग चालू करत नसे, मालक डोक्यावर उभा राहून ओरडत असला तरी.

विमानातही गोळी झाडण्याआधी त्याची बोटं वेगाच्या मुठीवर दोनदा आपटायची. इंजिन दोनदा खाकरायचं, धुराचे दोन काळे ठिपके हवेत उमटायचे आणि मुकुंद उत्तराची वाट बघत थांबायचा. जपान्याला इचलकरंजीची पद्धत माहीत नसल्यामुळे तो उत्तर न देता निघून जायचा. सहा वर्षांत मुकुंदाने एकूण तीन विमानं पाडली. त्यांतलं एक भूपाल चौगुल्याचं, म्हणजे आपल्याच बाजूचं.

मुकुंदाला जाऊन आता सव्वा महिना झाला होता. सकाळी दाढी करताना गेला. एक गाल झाला होता, दुसऱ्याला साबण तसाच. रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या घाटावर नैवेद्य ठेवला, तर कावळा इतक्या घाईने शिवला की पाहुण्यांना नीट हातही जोडता आले नाहीत. "माणसाचं काही मागं राहिलं नाही बघा," सगळे म्हणाले. रत्नमालाला समाधान वाटलं आणि जरासा रागही आला. चव्वेचाळीस वर्षांचा संसार, आणि काहीसुद्धा मागे राहिलं नाही?

त्यानंतरच्या एका मंगळवारी चहा आला, चार म्हातारे पेट्यांतून बाहेर पडले आणि भूपाल चौगुले चहा नको म्हणाला.

भूपाल म्हणजे या तुकडीचा म्होरक्या. निवृत्त एस.टी. कंडक्टर. तीस वर्षं त्याने निपाणीच्या गाडीत लोकांना पुढे सरकवलं होतं, आणि आकाशातही तो तेच करायचा. चहा नाकारताना त्याला अजून कुणी पाहिलं नव्हतं.

"साखर जास्त झाली का?" रत्नमालाने विचारलं.

"वहिनी, बसा जरा."

"आधी सांगा."

"मी आज एक जपानी पाडला."

"मग पेढे आणायचेत का?"

"त्यानं गोळी घालायच्या आधी दोनदा धूर सोडला," भूपाल म्हणाला. "आणि थांबला. मी काय करतोय ते बघत थांबला. तेवढ्यात मी त्याला पाडलं."

रत्नमालाच्या हातातला टाळ आपोआप किणकिणला. तिने तो मुठीत धरला. "दुसरं कुणीतरी असंल."

"सहा वर्षं त्याच्या शेजारनं उडलोय मी. सगळ्या जगात गोळी घालायची परवानगी मागणारा माणूस एकच. मी मुकुंदालाच पाडलं, वहिनी. वर मला मशीननं शाबासकी दिली."

त्या दिवशी, सुतकाचे दिवस सोडले तर, बावीस वर्षांत पहिल्यांदा रत्नमाला भजनाला बसली नाही. भूपालने तिला पेटीत बसवून चष्मा चढवून दिला आणि नुसतं बघायची कळ दाबली. अर्ध्या तासात ते विमान तीनदा आलं. तीनदा दोन ठिपके सोडून थांबलं आणि तीनदा पेट घेऊन जंगलात पडलं. पाडणारे कुठले कुठले परदेशी खेळाडू. एकजण तर पाडल्यावर हसला. चष्म्यात त्याचं हसू अगदी कानाजवळ आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कंपनीला फोन लावला. कंपनी पुण्यातली, नाव नभांगण. फोनवर शर्वरी नावाची मुलगी होती आणि तिच्यासमोर खातेदाराचं नाव उघडलेलं होतं.

"बोला होगाडे सर, काय मदत करू?"

"होगाडे वारले. मी बोलतो."

पलीकडे शर्वरीने खातेदाराचं नाव पुन्हा वाचलं. इचलकरंजीकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी येतो, मी बोलतो' असंच म्हणतात, हे शर्वरीला कुणी सांगितलेलं नव्हतं. वारलेला माणूस स्वतःच तक्रार नोंदवतोय, असा प्रसंग तिच्या प्रशिक्षणात आला नव्हता.

"मी बायको त्यांची," रत्नमाला म्हणाली, आणि पलीकडे श्वास सुटल्याचं तिला ऐकू आलं. "माझ्या नवऱ्याला तुमच्याकडं लोक पाडायला लागलेत. ते बंद करा."

शर्वरीने माहिती काढली. मुलगी सरळ होती. लपवाछपवी तिला जमत नव्हती, त्यामुळे या खात्यात ती फार दिवस टिकेल असं वाटत नव्हतं.

"काकू, काकांनी एकदाही विमान उतरवलेलं नाही. एक हजार एकशे सव्वीस वेळा बसले आणि प्रत्येक वेळी हवेतून उठून गेले. आमच्या दृष्टीने ते एकच उड्डाण आहे, सहा वर्षं चाललेलं. ते अजून उघडं आहे. उघड्या उड्डाणाचा ठसा रिकामा असला तर तो दुसऱ्या खेळाडूंना शत्रू म्हणून उसना जातो. काकांचा फार चालतो. हल्ल्याआधी इशारा देतात ना, म्हणून नवशिक्यांच्या पहिल्या पायरीवर ठेवलाय."

"दिवसात किती जण पाडतात?"

"काल... चारशे बारा."

"त्यांना दुखतं का?"

"नाही हो. ते म्हणजे काका नाहीत. फक्त त्यांच्या हाताच्या सवयी आहेत."

"मग माणसात दुसरं काय असतंय?" रत्नमालाने विचारलं.

शर्वरीने उत्तरांच्या यादीचं पान उलटलं. तिने पुढचं सांगितलं. उघडं उड्डाण पुसता येत नाही, ते फक्त पूर्ण करता येतं. वारस म्हणून रत्नमालाला मुकुंदाच्या नावाने उडता येईल. ती हवेत असेल तेवढा वेळ ठसा उसना जाणार नाही. तो तिच्या बाजूने, तिच्या मागोमाग उडेल, पंखसोबती म्हणून. ती उतरली, तिच्यामागून तो उतरला आणि त्याचं इंजिन बंद झालं, की उड्डाण पूर्ण. मग त्याला कुणी हात लावणार नाही.

"आणि उतरताना आपटला तर?"

"तर अपघाताची नोंद होईल आणि ठसा कायमचा उसन्या शत्रूंच्या साठ्यात जाईल." शर्वरी जरा घुटमळली. "काकू, एक तारखेला खेळाची नवी आवृत्ती येतेय. त्या दिवशी जी उड्डाणं उघडी असतील, तीसुद्धा कायमची साठ्यातच जातील. सतरा दिवस आहेत."

त्याच दुपारी रत्नमाला केंद्रात आली, पदर खोचला आणि भूपालसमोर उभी राहिली.

"भाऊजी, मला विमान उतरवायला शिकवा."

भूपालने चष्मा कपाळावर सरकवला. शेजारच्या पेटीकडे बघितलं. शेजारच्याने त्याच्या शेजारच्याकडे बघितलं.

"चढवायला शिकवतो की," भूपाल म्हणाला. "शत्रूच्या मागं कसं लागायचं तेबी शिकवतो. उतरवायचं म्हणजे..."

हळूहळू जे उघडकीला आलं ते असं. सहा वर्षांत या तुकडीने शत्रूची तीनशेवर विमानं पाडली होती. भिंतीवर पाच शौर्यपत्रं लावलेली होती, एकाला हारही होता. पण विमान जमिनीला कसं टेकवायचं हे एकालाही माहीत नव्हतं. धावपट्टी त्यांनी फक्त निघताना पाहिली होती.

"आणि म्हणे वीर!" रत्नमाला म्हणाली. "चहासाठी विमानं टाकून येणारे."

"चहा गार होतोय, वहिनी," भूपाल खालच्या आवाजात म्हणाला.

पेटीसोबत आलेली पुस्तिका कपाटात कॅरमच्या सोंगट्यांखाली सापडली. ती उघडण्याची वेळ आजवर आली नव्हती. विमान होतं स्पिटफायर, लांब नाकाचं. या विमानाला उतरताना नाक वर धरावं लागतं आणि नाक वर धरलं की समोरची धावपट्टी दिसेनाशी होते. म्हणून सरळ यायचं नाही. वळत वळत यायचं, पट्टी कडेने बघायची, आणि शेवटच्या घटकेला, जेव्हा काहीच दिसत नाही तेव्हा, ती तिथे आहे असं धरून चालायचं. भूपालने हे मोठ्याने वाचलं, पुन्हा मनात वाचलं आणि पुस्तिका रत्नमालाकडे दिली.

चष्म्यातलं बाकीच्यांनाही दिसावं म्हणून भूपालने केंद्राचा टीव्ही पेटीला जोडला. पहिल्या दिवशी ती अकरा वेळा मेली. एकदा झाडावर, दोनदा उलटून, एकदा कंट्रोलच्या बुरुजात. बाकीच्या वेळी तर ती नक्की कशाने मेली हे चौघांना मिळूनही ठरवता आलं नाही. पण प्रत्येक वेळी, पडण्याआधी, तिला उजव्या खांद्यामागे ते दुसरं विमान दिसायचं. जरा मागे, जरा वर, लग्नात गर्दीपासून अंतर ठेवून उभ्या राहणाऱ्या माणसासारखं. ती पडली की ते तिच्या धुरावर एक घिरटी घालायचं. मग पेटीची वेळ संपायची आणि ते कुठल्यातरी परक्या आकाशात निघून जायचं.

ते निघून जाणं तिला स्वस्थ बसू देईना. मुकुंदाच्या पेटीत बसायला मन होईना, म्हणून भूपालची पेटी तिला रोज पाच ते पावणेसहा मिळायची, उरलेल्या वेळात तो उसना असायचा. भाकरी थापताना तिचा हात मधेच थांबायचा, आत्ता कुणीतरी पाडलं असेल. दळण आणायला निघालेली ती गिरणीपर्यंत जाऊन डबा न घेताच परत यायची. सुनेने मुंबईहून फोन करून विचारलं, "आई, जेवताय ना वेळेवर?" तर ही म्हणाली, "वारा डावीकडनं असला की कुठला पाय दाबायचा, सांग." त्यावर सुनेने मुलाला फोन दिला, आणि मुलाने डॉक्टरांचं नाव काढलं.

मात्र हात तिचा चांगला होता. लग्नानंतर पंधरा वर्षं तिने मुकुंदाच्याच कारखान्यात कांड्या भरल्या होत्या. फिरत्या कांडीवर सूत गुंडाळताना ताण किती आहे हे बघून कळत नाही, ते बोटांना कळावं लागतं. सैल पडलं तर गुंता, ओढलं तर तुटतं. विमानाचंही तसंच होतं. ते हवेतून सुटत आलं की दांडा बोटांखाली सैल पडायचा, आणि नेमक्या त्या सैलपणात ते जमिनीला द्यायचं. चौथ्या दिवशी तिच्या विमानाची फक्त चाकं मोडली. सातव्या दिवशी एकच पंख. नवव्या दिवशी तिन्ही चाकं एकदम टेकली, विमान थोडं उड्या मारत गेलं आणि थांबलं. चौघा वीरांनी टाळ्या वाजवल्या. गरम चहा टाकून ते टीव्हीकडे बघत उभे होते.

रत्नमालाने मागे बघितलं. मुकुंदाचं विमान वळत खाली येत होतं. चाकं बाहेर होती. दोनशे फुटांवर आलं, तिथे त्याने दोन ठिपके सोडले, क्षणभर हवेत लोंबकळल्यासारखं झालं आणि वर निघून गेलं.

दहाव्या दिवशी तेच. अकराव्या दिवशी तेच. ती उतरायची, तो दोनशे फुटांपर्यंत यायचा, दोन ठिपके, आणि वर.

"भीत असंल," भूपाल म्हणाला.

"कशाला भीतोय? आपटायची भीती मला वाटली पाहिजे."

सोळाव्या दिवशी तिने शर्वरीला फोन केला. या वेळी शर्वरीने "बोला काकू" म्हटलं. तिने म्हणे रात्रीची पाळी संपल्यावर स्वतःच्या वेळात सगळ्या नोंदी चाळल्या होत्या.

"काकू, ठसा तेवढंच करतो जेवढं माणसाने केलंय. काकांनी दोनशे फुटांच्या खाली कधी पाऊलच टाकलं नाही. पण एक विचित्र गोष्ट आहे. अकराशे सव्वीसपैकी नऊशेहून जास्त वेळा ते घराकडे वळले होते. म्हणजे त्यांना उतरायचं होतं. चाकं काढायचे, दोनशे फुटांवर यायचे, त्या दोन टिचक्या मारायचे आणि थांबायचे. कशाची तरी वाट बघितल्यासारखे. आणि मग दरवेळी एक आवाज येतो. तीन ठोके, धातूचे. त्यानंतर हात सुटतात. तो कसला आवाज आहे, काकू?"

टाळ खुंटीला टांगलेला होता, तिकडे रत्नमालाने पाठ केली.

संध्याकाळी तिने भूपालला गाठलं. "तुम्हाला म्हणायचे का कधी, उतरायचंय म्हणून?"

"तुम्हालाच म्हणायचा की," भूपाल जमिनीकडे बघत म्हणाला. "रोज. 'पाच मिनिटं थांब गं.' तुम्ही म्हणायचा, 'लढाई उद्या.'"

"मला वाटायचं, लढायलाच मागतोय."

"आम्हालाबी तसंच वाटायचं."

रत्नमाला खुर्चीत बसली, उठली, पुन्हा बसली. नऊशे वेळा हा माणूस घराच्या दारापर्यंत आला आणि नऊशे वेळा तिने दार वाजवून त्याला परत पाठवलं. कावळ्याला यातलं काय कळणार! कावळा नैवेद्य बघतो.

तिची बोटं खुर्चीच्या हातावर वाजत होती. टक-टक. थांब. टक-टक. थांब. तिचं तिलाच ते ऐकू आलं आणि ती ताडकन उठली.

"भाऊजी, तो भीत नाही. तो विचारतोय. हात काढला का, म्हणून विचारतोय!"

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. पावणेपाचलाच ती पेटीत जाऊन बसली. पहिल्यांदा घाईत तिने चाकंच काढली नाहीत आणि विमान पोटावर घसरत गेलं. दुसऱ्यांदा वारा आडवा आला. तिसऱ्यांदा ती पट्टीच्या बाहेर, भाताच्या शेतात. घड्याळात पाच पंचावन्न झाले आणि दारात भजनी मंडळाच्या बाया येऊन ठेपल्या.

भूपाल दोन्ही हात पसरून दारात उभा राहिला, गाडी भरल्यावर राहायचा तसा. "दहा मिनिटं. आवाज करू नका. टाळ वाजला की तो जाईल."

बावीस वर्षांत मंडळाचं भजन एक मिनिटही उशिरा सुरू झालेलं नव्हतं. पुराच्या साली ते गच्चीवर झालं होतं, पण सहालाच.

"विमानासाठी थांबायचं?" पुढची बाई म्हणाली.

"तिच्या नवऱ्यासाठी."

"मग वीस घ्या," बाई म्हणाली आणि आपला टाळ पदरात गुंडाळून घट्ट धरला. मागच्या बारा जणींनीही तसंच केलं. खोलीत तेरा बायका टाळ छातीशी धरून उभ्या होत्या आणि एकही किणकिणत नव्हता.

ब्रह्मदेशात ऊन कललं होतं. रत्नमालाने वळण घेतलं. चाकं. पंखांच्या झडपा. उजव्या खांद्यामागे तो होताच. नदी मागे पडली, पट्टी कडेने दिसू लागली. तीनशे फूट. अडीचशे. दोनशे.

मागे धुराचे दोन ठिपके उमटले.

विमान तिच्या बोटांखाली सैल पडत होतं. अशा वेळी वेगाची मूठ हलवली तर विमान आपटतं, हे पुस्तिकेत जाड अक्षरात छापलं होतं. रत्नमालाने डाव्या हाताच्या बोटांनी मुठीवर दोनदा टक-टक केलं. तिचं इंजिन दोनदा खाकरलं, नाक उचललं गेलं, विमान डगमगलं. धुराचे दोन काळे ठिपके तिच्या मागे हवेत राहिले.

काढला हात. चालू करा.

ती कशी टेकली हे तिला कळलं नाही. चाकांचा धक्का हाडांत जाणवला, एक उडी, दुसरी उडी, मग गवत सावकाश होत गेलं. तिने मान वळवली. दोनशे फुटांच्या खाली, जिथे तो कधीच आला नव्हता तिथे, मुकुंदाचं विमान तिच्या ठिपक्यांमधून खाली येत होतं. एकदा चांगलंच आपटलं. दोन उड्या मारल्या, अगदी तिच्यासारख्याच, कारण दुसऱ्या कुणाचं उतरणं त्याने पाहिलंच नव्हतं. मग ते तिच्या शेजारी येऊन थांबलं.

पंखा फिरत राहिला.

एक मिनिट झालं. दोन झाली. "इंजिन बंद करायला पाहिजे की," भूपाल कुजबुजला. पण बंद कसं करायचं हे त्या ठशाला कुठून ठाऊक असणार? उड्डाण संपल्याची एकच खूण त्याच्या हातांना माहीत होती.

रत्नमालाने चष्मा काढला. ती मुकुंदाच्या, पाचव्या पेटीपाशी गेली. त्या पेटीत तो गेल्यापासून कुणी बसलं नव्हतं. तिने हात पुढे केला तसा पुढच्या बाईने पदरातला टाळ तिच्या हातावर ठेवला. टाळ हवेत धरून ती उभी राहिली. इतका वेळ की भूपालला वाटलं, आता ही माघार घेतेय.

ठण.

ठण.

ठण.

"चला, उठा," रत्नमाला म्हणाली.

टीव्हीवर, भूपालने नंतर सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं, पंखा अडखळला, एक अर्धा फेरा उलटा गेला आणि थांबला. मग अक्षरं आली, उड्डाण पूर्ण. त्या दिवशी भजन सहा वाजून चार मिनिटांनी सुरू झालं आणि पहिल्या अभंगाला कुणाचाच ताल धड लागला नाही.

आठवड्याने शर्वरीचा फोन आला. केंद्रात चहाची वेळ होती. चहा टेबलावर गार होत होता, कारण भूपाल आणि मंडळी अजून विमानं उतरवत होती. आतून मोडतोडीचे आणि शिव्यांचे आवाज येत होते. भजनी मंडळाने आपली वेळ सव्वासहा करून घेतली होती.

"काकू, काकांचं बंद झालंय, काळजी नको. तो ठसा आता कुणालाच मिळणार नाही. दुसऱ्याच कामासाठी फोन केलाय. सतरा दिवस उडलात, तर तुमचाही एक ठसा तयार झालाय."

"माझा?"

"चांगला आहे. पण त्यात एक सवय अशी आहे, की यंत्रणा अडलीय. उतरण्याआधी दोन टिचक्या. हिशेबाप्रमाणे ती काकांची आहे, म्हणून त्यांच्याबरोबर बंद करायला हवी. पण हात तुमचा आहे, म्हणून ठेवायला हवी. यंत्रणा ठरवू शकत नाहीये, म्हणून मला विचारतेय, आणि मी तुम्हाला विचारतेय."

रत्नमाला ऐकत होती. तिची डाव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर दोनदा वाजली, आणि थांबली. पलीकडच्या बाजूने उत्तर यावं तशी ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे बघत राहिली.

"काकू?" शर्वरी म्हणाली. "ही सवय कुणाची म्हणून लिहू?"